आयोवाच्या बाईच्या वहीतला टी.

पार्सल माझ्या दारात आलं ते चुकून. बहारीनमधल्या उम्म अल हस्सम भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये बत्तीस आणि बेचाळीस या दोन फ्लॅटांचा कुरिअरवाले कायम घोळ घालतात. वरच्या मजल्यावरच्या अमेरिकन बाईची मांजराची औषधं, योगा मॅट, एकदा तर आख्खं स्टूल आमच्याकडे येऊन गेलं होतं. आमची ओळख अशी वस्तूंमधूनच झालेली. ती इथल्या एका शाळेत विज्ञान शिकवते, बत्तीस-तेहतीस वर्षांची आहे आणि एकटी राहते. मी एका कंत्राटदार कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे, म्हणजे साइटवरून येणारे कागद तपासायचे, त्यांना नंबर घालायचे आणि इंजिनिअर लोकांचं गचाळ अक्षर लावायचं. माझी मुलगी तिला आंटी म्हणते. ती मला ताई म्हणते, कारण आमच्या मंडळाच्या कार्यक्रमाला ती एकदा आली तेव्हा सगळे मला ताई म्हणत होते आणि तिला ते माझं नावच वाटलं. पुढे अर्थ कळला, पण तिने बदललं नाही.

त्या शुक्रवारी ती पार्सल न्यायला खाली आली आणि दारातच तिने ते फोडलं. आत झेरॉक्सचा जाडजूड गठ्ठा होता. तिने वरचं पान पाहिलं, मग मधलं एक पाहिलं, आणि तिचं तोंड पडलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"मला हे वाचता येत नाही."

"कुठली भाषा आहे?"

"इंग्रजी," ती म्हणाली.

मी पान हातात घेतलं. जुन्या काळचं, उजवीकडे कललेलं, एकात एक गुंतवलेलं रनिंग अक्षर होतं. सुरेखच म्हणायला हवं. मी मोठ्याने वाचलं, "लोणी काढलं. पाऊस. कोंबड्या हट्टाला पेटल्या."

ती आमच्या चपलांच्या कपाटावर मटकन बसली. कपाट प्लॅस्टिकचं आहे, त्यामुळे मला आधी कपाटाचीच काळजी वाटली.

मग उलगडा झाला. तिच्या लहानपणी शाळेत त्यांना असं अक्षर कधी शिकवलंच नव्हतं. आधी सुटी अक्षरं, मग थेट कीबोर्ड. आणि मी अमरावती जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीपासून चार रेघी वहीत हेच अक्षर गिरवलेलं. एफची शेपटी खालच्या रेघेला टेकली नाही तर मास्तर पान फाडायचे. इंग्रजी बोलायला मी बहारीनला येऊन शिकले, पण अक्षर मात्र तेव्हापासून असं की लग्नाच्या पत्रिकांवरचे पत्ते लिहायला लोक माझ्याकडे यायचे.

"ताई," ती म्हणाली, "ही माझ्या खापरपणजीची वही आहे. घरात कुणीही ही पूर्ण वाचलेली नाही."

तिची आत्या, वय वर्षं चौऱ्याऐंशी, घराण्याचा इतिहास लिहिते. आयोवात, मक्याच्या शेतांच्या मुलखात, दर उन्हाळ्यात त्यांचं सगळं कूळ एका मांडवाखाली जमतं. आत्याने छापलेल्या पुस्तिकेत या खापरपणजीला तीन ओळी आहेत. शेतकऱ्याची बायको. सात मुलं. धार्मिक आणि कडक, कुणी तिला हसताना पाहिलं नाही. सोबत एक फोटो, त्यात घट्ट मिटलेल्या ओठांची बाई खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी आहे. वहीची पहिली पानं उंदरांनी खाल्ली होती. उरलेली आत्याने झेरॉक्स करून भाचीला पाठवली होती, कारण तिचे डोळे आता साथ देत नव्हते.

त्या दिवसापासून दर शुक्रवारी जेवणं झाली की ती खाली यायची. मी वाचायचे, ती लॅपटॉपवर टाइप करायची. बाहेर दमट हवेने खिडक्यांच्या काचा घामेजलेल्या, आत एसी, टेबलावर कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअर या वाण्याच्या दुकानातून आणलेला करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा. माझा नवरा सोफ्यावर पेपर घेऊन बसायचा आणि आपण ऐकतच नाही असं दाखवायचा. तो सेंट्रल एसीचा टेक्निशियन आहे. आठवडाभर गच्च्यांवर उन्हात काम करून शुक्रवारी त्याला फक्त झोप हवी असते. दुसऱ्या शुक्रवारपासून त्याने झोप सोडली.

खापरपणजी मोजकं लिहायची. दिवसाला दोन ओळी, फार तर तीन. साबण केला, हात भाजला. मेणबत्त्या संपल्या. थोरल्याने नदीत बूट घालवला. नवऱ्याचा उल्लेख ती 'मिस्टर' आणि पुढे आडनाव असा करायची, जणू तो बँकेतला साहेब आहे.

"हे किती विचित्र आहे," शेजारीण म्हणाली.

"यात काय विचित्र?" मी म्हटलं. "माझ्या आजीने आजोबांचं नाव जन्मात घेतलं नाही. रेशन कार्डवाल्याने विचारलं तर शेजारणीला पुढे करायची."

शेजारणीने तेही टाइप केलं. म्हणाली, राहू दे, मला हवं आहे.

आणि मग तिसऱ्या शुक्रवारी टी. आला.

"टी. आज पुन्हा खिडकीतून आत आला," मी वाचलं. "त्याला घालवण्याचा धीर झाला नाही."

शेजारणीची बोटं थांबली. "कोण टी.?"

"नुसता टी. आहे. टी आणि पुढे टिंब."

पुढच्या पानावर होतं, "टी. ओलाचिंब परतला. माझ्या शालीने पुसून चुलीपाशी बसवला." त्याच्या पुढच्या पानावर, "मिस्टर म्हणतात, या घरात एक तर टी. राहील नाही तर मी. विचार करायला वेळ मागितला."

नवऱ्याचा पेपर खाली आला. "काऊन वो," तो मला म्हणाला, "हे धार्मिक बाई होती न?"

माझी मुलगी तेरा वर्षांची. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. ती आतल्या खोलीतून बाहेर आली, "वेट, व्हॉट?" म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. मी तिला आत पाठवावं की नाही या विचारात होते, तोवर शेजारीण म्हणाली, "पुढे वाच, ताई, प्लीज."

पुढचे सहा आठवडे आमच्या घरात टी. हा एकच विषय होता. मिस्टर आठ दिवस डुकरं विकायला गावी गेले आणि त्या आठही दिवसांच्या नोंदी टी.ने भरलेल्या. टी. चुलीपाशी झोपला. टी. माझ्यामागून शेतात आला, दिवसभर सोबत. टी.ला चर्चच्या बाहेर थांबवलं म्हणून त्याने आरडाओरडा केला, लोक बघत राहिले. मिस्टर परतल्यावर, "मिस्टर टी.शी बोलत नाहीत. टी.सुद्धा मिस्टरांशी बोलत नाही."

नवऱ्याचं मत पडलं की टी. हा शेतावरचा गडी असणार. शेजारणीला वाटायचं, युद्धावरून परतलेला एखादा डोक्याने हललेला सैनिक. मुलगी म्हणाली, तो कवी असेल, कारण काम असं काही करतच नाही. मी कागद सांभाळणारी बाई, पुरावा मिळेपर्यंत बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण माझ्याही मनात एक उंच, गरीब डोळ्यांचा, कायम भिजलेला माणूस येऊन राहिला होता.

एका मंगळवारी मी ऑफिसात ड्रॉइंगांवर शिक्के मारत होते, तेव्हा तिचा फोन आला. आवाज दबका. शाळेच्या स्टोअररूममधून बोलत होती.

"ताई, सातवं मूल म्हणजे माझे पणजोबा. त्यांची जन्मतारीख आत्याच्या पुस्तिकेत आहे. मिस्टर डुकरं विकायला गेले होते तो आठवडा आठव आणि महिने मोज."

मी बोटांवर मोजले. नऊ झाले. परत मोजले, परत नऊ. समोर बसणाऱ्या केरळच्या इंजिनिअरने विचारलं, "एनी प्रॉब्लेम?" मी इथल्या भाषेत "मफी प्रॉब्लेम", म्हणजे काही नाही, म्हटलं आणि शिक्का स्वतःच्या मनगटावर मारला. 'मंजूर' असा.

"म्हणजे मी टी.ची खापरपणती आहे," ती फोनवर म्हणाली. आणि मग दोघींना हसू फुटलं ते आवरेना. तिच्या बाजूला काचेच्या नळ्या किणकिणल्याचं मला ऐकू आलं.

त्या संध्याकाळी आम्ही सुपरमार्केटला गेलो. दुधाच्या फ्रिजपाशी तिने मान उंच केली, भुवया चढवल्या आणि विचारलं, "मी टी.सारखी दिसते का?" एवढंच. पण आम्ही दोघी फ्रिजचं दार धरून इतक्या हसलो की एक बहारीनी आजी थांबली, आमच्याकडे पाहून स्वतःच हसायला लागली आणि आम्हाला दुआ देऊन पुढे गेली.

हसण्याखाली थोडी धाकधूक होतीच. आत्याला काय सांगायचं? चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला फोन करून, तुझे आजोबा कुणा भलत्याचेच, असं कसं सांगणार? शेजारीण म्हणाली, सांगायचं नाही. मी म्हटलं, सांगायचं, वही तिचीच आहे. नवरा म्हणाला, "आधी पूर्ण तं वाचा. निम्म्यातच निकाल लावून राहिल्या तुम्ही."

मग एक शुक्रवार वेगळा आला. वहीत पाच दिवस कोरे होते. तिने तारखा घातल्या होत्या आणि पुढे काही लिहिलं नव्हतं. सहाव्या दिवशी एवढंच होतं, "धाकटीला टेकडीवर ठेवून आलो. टी. दारातून हलत नाही." आणि खाली, "मिस्टरांनी आज टी.ला स्वतःच्या हाताने खायला घातलं."

टेकडीवर, म्हणजे मातीत. सात मुलांच्या यादीत ही धाकटी नव्हतीच. ती आठवी होती, पुस्तिकेत तिचं नावसुद्धा नव्हतं. शेजारणीने लॅपटॉप बाजूला ठेवला. ती म्हणाली, "तो कुणीही असो, ताई, चांगला माणूस होता." माझ्या नवऱ्याने मान डोलावली. त्या दिवशी आम्ही पुढे वाचलं नाही.

शेवटचा गठ्ठा उरला तेव्हा आयोवाच्या मेळाव्याला आठवडा होता. पहिल्याच पानावर टी.ने पाद्र्याच्या मांडीला चावा घेतला.

"चावा?" शेजारीण म्हणाली.

मी पुन्हा पाहिलं. चावाच होता.

"पिऊन असंल," नवरा म्हणाला, पण त्याचाही आवाज डळमळीत.

मी पान उलटलं. पुढची नोंद त्या वहीतली सगळ्यात लांब होती, आणि अक्षर नेहमीसारखं नीट नव्हतं, ओळी वर-खाली पळत होत्या. मी सावकाश लावत वाचलं.

"आज सकाळी टी.ने चुलीमागे अंडं घातलं. दोन वर्षं मी तिला सर म्हणत आले. मी इतकी हसले की पिठाच्या पिंपावर बसावं लागलं. मला झटका आला असं वाटून मिस्टर गोठ्यातून पळत आले. मी अंडं दाखवलं. ते म्हणाले, म्हणजे इतके दिवस मी एका बाईशी अबोला धरला होता. मग तेही बसले. गायी धारांसाठी ओरडत राहिल्या. गावातल्या सगळ्या गूज पक्ष्यांत असला नर नाही अशी मी बढाई मारली होती, ती आता मागे घ्यावी लागेल."

गूज म्हणजे बदकाहून मोठा, लांब मानेचा, भांडखोर पक्षी. सहा आठवडे आम्ही चौघं जण एका गूजच्या प्रेमप्रकरणावर चर्चा करत होतो.

पहिल्यांदा नवरा हसला. त्याला हसू आलं की आधी खांदे हलतात, आवाज मागून येतो. मुलगी जमिनीवर आडवी झाली. शेजारीण हसत होती आणि रडत होती, "मी मिस्टरांचीच," एवढंच म्हणत होती, "मी त्यांचीच आहे." मला उचकी लागली. चार ग्लास पाणी प्याले तरी थांबेना.

मेळावा त्यांच्याकडे सकाळी दहाला सुरू झाला तेव्हा आमच्याकडे संध्याकाळचे सहा वाजले होते. शेजारणीने लॅपटॉप आमच्याच टेबलावर मांडला. पडद्यावर पांढरा मांडव, कागदी ताटल्या, मागे हिरवागार मका आणि चाळीसेक माणसं. आत्या पुढच्या खुर्चीत बसलेली. फोटोतल्या बाईचं तोंड जसंच्या तसं तिच्या चेहऱ्यावर होतं, ओठ तसेच मिटलेले. मी निळी सुती साडी नेसून कॅमेऱ्याच्या बाहेर उभी होते, नुसती बघायला.

"हे वाचलं कुणी?" आत्याने विचारलं.

"माझ्या खालच्या मजल्यावरच्या ताईने."

"मग तिलाच वाचू दे."

मी नाही म्हणायच्या आत मुलीने मला खुर्चीत ढकललं. माझं इंग्रजी म्हणजे आमच्या गावच्या मास्तरांचं, ऑफिसच्या फिलिपिनो सेक्रेटरीचं आणि बहारीनी मुदीरचं, म्हणजे साहेबांचं, मिळून झालेलं. आयोवातल्या चाळीस माणसांपुढे, त्यांच्याच पणजीचं बोलणं, माझ्या तोंडून. घसा खाकरला आणि सुरुवात केली.

कोंबड्या हट्टाला पेटल्या तेव्हा मांडवातून बारीक हसू आलं. मग टी. खिडकीतून आला आणि ते हसू थांबलं. चुलीपाशी झोपला तेव्हा एका काकूने शेजारच्या मुलाचे कान झाकले. डुकरं विकायला मिस्टर गेले आणि मागच्या रांगेतला एक टक्कल पडलेला माणूस उभा राहिला, बहुधा त्यानेही बोटं मोजली असावीत. आत्याचा चेहरा दगडासारखा. शेजारीण टेबलाखाली माझा हात दाबत होती, मी थांबावं म्हणून की पुढे जावं म्हणून ते कळेना. धाकटीचं पान आलं तेव्हा आत्याने चष्मा काढला.

मग मी अंड्याचं पान वाचलं.

आधी काहीच झालं नाही. मला वाटलं, इंटरनेट गेलं. मग आत्याच्या ओठांची एक कड वर गेली, ती तिने आवरली, परत गेली, आणि ती बाई अशी हसली की तिच्या मांडीवरची ताटली बटाट्याच्या सॅलडसकट गवतात पडली. मांडवभर माणसं एकमेकांना धरून हसत होती. टक्कल पडलेला माणूस खाली बसला आणि रुमालाने तोंड पुसू लागला. कुणी ओरडून विचारत होतं, टी. म्हणजे काय? कुणी म्हणालं, टायरंट, म्हणजे जुलमी. खरं उत्तर उंदरांनी खाल्लेलं, ते आजही कुणाला माहीत नाही.

हसू ओसरल्यावर आत्या कॅमेऱ्याजवळ आली, इतकी की पडद्यावर नुसतं तिचं कपाळ दिसत होतं.

"माझ्या पुस्तिकेत मी तिला तीन ओळी दिल्या," ती म्हणाली. "त्यातली एक खोटी निघाली आणि एक मूल कमी निघालं. सगळं नव्याने लिहायला हवं." मग तिने मला विचारलं, "आणि तुमच्याकडच्या बायका? तुमची पणजी कशी होती?"

मी म्हटलं, "तिला लिहिता येत नव्हतं."

"ते मी नाही विचारलं," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी माहेरी अमरावतीला फोन लावला. आईला विचारलं, बाबांची आजी कशी होती.

"काऊन? काय झालं?" आई घाबरली. इतक्या वर्षांत मी असं काही विचारलंच नव्हतं. काही झालं नाही, नुसतं सांग, म्हटलं. आई म्हणाली, "अवं, ते गंजाची गोष्ट तुले माहीतच नाही?" आणि हसत सुटली. तिला पुढे बोलता येईना म्हणून फोन बाबांनी घेतला. ते दोन वाक्यं बोलले आणि तेही अडकले. तिसऱ्या प्रयत्नात गोष्ट आली ती अशी.

पणजी जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायच्या कामाला होती. सासरी जाच झाला की ती सरळ माहेरी चालत यायची, आठ कोस. रिकाम्या हाती कधी येत नसे. सासरचं एक गंज, म्हणजे आमच्याकडे स्वयंपाकाचं मोठं पातेलं, डोक्यावर घेऊन यायची. सासरे समजूत काढून न्यायचे, पण गंज माहेरीच राहायचं. असं तीन वेळा झालं. चौथ्यांदा सासरे तिच्या नवऱ्याला घेऊन आले तेव्हा त्यांच्या घरात भात शिजवायला भांडं उरलं नव्हतं. ते ओट्यावर बसले आणि म्हणाले, "सून लागंल तं राहू द्या, पण आमची गंजं द्या." पणजी आतून म्हणाली, "गंजं माह्या संगं येतील. पण माह्यावर हात उचलला तं गंजं अन् मी, दोघंही परत." चौघा लोकांदेखत सासऱ्यांनी कबूल केलं. त्यानंतर तिच्यावर कुणी हात उचलला नाही. परत जाताना सासऱ्यांच्या डोक्यावर दोन गंजं, नवऱ्याच्या डोक्यावर दोन, आणि पुढे पणजी, मोकळ्या हातांनी, गाणं म्हणत. सगळं गाव बघायला उभं होतं.

"कोणतं गाणं?" मी विचारलं.

"ते मले काय मालूम," बाबा म्हणाले. "तुह्या आत्याले विचार, तिले येते."

माझ्या आत्याचा नंबर मी लिहून घेतला. मग वर गेले. शेजारीण अजून नाइटसूटमध्येच होती, मांजराला औषध पाजत होती. मी म्हटलं, लॅपटॉप काढ, तुझ्या आत्याला उत्तर द्यायचंय. मी सांगत गेले, ती टाइप करत गेली. जिनिंग झालं, आठ कोस झाले. गंज या शब्दाला इंग्रजीत काय म्हणायचं यावर आम्ही अर्धा तास अडून बसलो. ती एकेक शब्द सुचवायची आणि मी नाही म्हणायचे, हा फार छोटा, हा डोक्यावर मावणार नाही. शेवटी तिने गंज असंच लिहिलं आणि म्हणाली, कळेल त्यांना.